उमेदवारी ते आर्टिकलशिप : कोकणातल्या हिशेबनिसांची पार्श्वभूमी

सीए होण्यासाठी करावी लागणारी आर्टिकलशिप म्हणजे आपली जुनी उमेदवारी. निवडणुकीने हा शब्द पळवला तो नंतर. त्याआधी कचेरीत बिनपगारी बसून रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) उतरवणारा, खतावणी (खातेनिहाय वही) शिकणारा आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट बघणारा पोरगा म्हणजे उमेदवार. कोकणाला हे काम परके नव्हते. नाना फडणवीसांचे भानू घराणे मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे, आणि फडणिशी म्हणजे दप्तर व जमाखर्चच.

या उमेदवारीला कायद्याचे रूप इंग्रजी अमदानीत आले. १९१३च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाची पात्रता ठरवली. १९१८ साली मुंबई सरकारने जीडीए ही हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली. परीक्षेबरोबर मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षे काढणे आले. त्याचा रीतसर करार होई. त्या कराराची कलमे म्हणजे ‘आर्टिकल्स’, त्यावरून हे नाव. (आमच्याकडे कलम म्हटले की आधी हापूसच आठवतो, पण जुन्या झाडावर नवी फांदी जगवण्याचा प्रकार दोन्हीकडे आहेच.) १९३२ नंतर ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ आले आणि १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने आजची सीएंची इन्स्टिट्यूट उभी राहिली.

कोकणातल्या मुलाची खरी अडचण परीक्षेपेक्षा पैशांची होती. स्टायपेंड सोडाच, उलट शिकणाऱ्यानेच प्रिन्सिपलला, म्हणजे ज्याच्या हाताखाली शिकायचे त्या अकाउंटंटला, ‘प्रीमियम’ मोजण्याची चाल होती. मुंबईच्या मनीऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या घराने मुंबईला पैसे पाठवायचे कुठून? बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेली हुशार मुले मग पेढीवर किंवा गिरणीच्या ऑफिसात कारकून झाली. त्यांना हिशेब येत होता, सही करायचा अधिकार मात्र मिळाला नाही. पुढे प्रीमियमवर बंदी आली, स्टायपेंड सक्तीचा झाला. माझ्या मते या पेशाचे दार खऱ्या अर्थाने तेव्हा किलकिले झाले.

तरी गावाकडे आर्टिकल (आर्टिकलशिप करणारा मुलगा) ठेवायचा तर तेवढे काम हवे. ते कायद्यांनीच आणले. १९८५पासून ठरावीक उलाढालीच्या वर टॅक्स ऑडिट, म्हणजे प्राप्तिकरासाठीची हिशेबतपासणी, बंधनकारक झाले. २००५ला व्हॅट (विक्रीवरचा मूल्यवर्धित कर) आला, त्याचे ऑडिट वेगळे. ९७व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३मध्ये राज्याचा सहकार कायदा बदलला आणि पतसंस्थांना सरकारमान्य नामतालिकेतून (यादीतून) स्वतःचा लेखापरीक्षक नेमता येऊ लागला. २०१७ला जीएसटी. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या ऑफिसांतली टेबले अशी भरत गेली. इथला आर्टिकल सकाळी बर्फाच्या कारखान्याची वीजबिले तपासतो, दुपारी ट्रॉलरच्या डिझेलच्या पावत्या वाउच करतो (नोंदींशी पडताळतो), मे महिन्यात आंबा कॅनिंगचे डबे मोजायला जातो. मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये एकाच कंपनीच्या एकाच खात्यात महिने जाऊ शकतात. इथे कीर्दीपासून ताळेबंदापर्यंत सगळे हाताखालून जाते. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी मात्र सहसा बघायला मिळत नाही, आणि मोठ्या नोकरीच्या मुलाखतीत ते बोचते.

१ जुलै २०२३पासून नव्या नोंदणीसाठी आर्टिकलशिपचा काळ तीनऐवजी दोन वर्षांचा झाला. त्या वेळी चार लाखांच्या आतल्या वस्तीच्या शहरांत किमान स्टायपेंड पहिल्या वर्षी महिना २,००० आणि दुसऱ्या वर्षी ३,००० रुपये होता. त्यात खोलीभाडे सुटत नाही. घरून डबा घेऊन एसटीने ये-जा करणाऱ्यालाच ते परवडते.

रजा वर्षाला १२ दिवस. टॅक्स ऑडिट अहवालाची मुदत ३० सप्टेंबर, आणि गणपती बहुतेक वेळा त्याच्या आसपासच. मुंबईचा चाकरमानी रजा टाकून गावी पोचतो तेव्हा गावातला आर्टिकल ऑफिसात स्टेटमेंट जुळवत असतो, संध्याकाळच्या आरतीला पोचायचे म्हणून घड्याळाकडे बघत.