लोणावळ्याचा घाट आणि हॅवलॉकचं पाणी

मुंबईहून लोणावळ्याला जाताना घाटात कानाला दडे बसतात. आवंढा गिळला, जांभई दिली की कान मोकळे होतात आणि आपण ते विसरूनही जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर वर आल्यावर हवेचा दाब जेमतेम ७ टक्क्यांनी उतरलेला असतो. पाण्यात दाबाचा एवढा फरक पडायला फक्त ७० सेंटिमीटर खाली जावं लागतं. कमरेएवढ्या पाण्यात तळाशी बसलं की दाबाच्या हिशेबात अख्खा घाट उतरून झाला.

अंदमानच्या स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला किंवा मालवण-तारकर्लीला स्कूबा करायला निघालेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. डायव्हिंगचे बहुतेक नियम त्यातूनच आले आहेत.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. पृष्ठभागावर तो १, १० मीटरवर २, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेल्या नियमानुसार दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. म्हणजे पहिल्या १० मीटरांतच फुग्यातली हवा निम्मी होते, तर ३० वरून ४० मीटरवर जाताना ती फक्त पाचव्या हिश्श्याने आकसते. ‘आपण कुठे खोल जाणार, पाच-सहा मीटर तर जायचंय’ हे बोटीवर हमखास ऐकू येतं. त्याने धीर येतो, पण ते चुकीचं आहे. हवेच्या आकारमानात सर्वांत मोठा फरक पडतो तो उथळ पाण्यातच.

पहिला फटका कानाला बसतो. पडद्यामागे मधल्या कानात थोडी हवा असते आणि ती घशामागच्या भागाशी युस्टेशियन नलिकेने जोडलेली असते. खाली जाताना ही हवा आकसते, पडदा आत ओढला जातो. तेव्हा नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हलकी फुंकर मारायची. कानात ‘पुट्’ झालं की दाब सारखा झाला. पहिली फुंकर पृष्ठभागावरच मारावी, पुढची दर अर्ध्या-एक मीटरला आणि तीही दुखायच्या आधी. कारण या नलिकेचं घशाकडचं तोंड मऊ असतं. भोवतालचा दाब वाढला की ते झडपेसारखं मिटतं आणि दाबाचा फरक दीड-दोन मीटरचा झाला की फुंकरीने उघडेनासं होतं. मग लोक जोर लावतात. ही चूक कधीच करू नये. जोराच्या फुंकरीने आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटून कायमचं ऐकू कमी येऊ शकतं. कान उघडत नसेल तर हाताने ‘कान’ अशी खूण करायची, मीटरभर वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही नाही उघडला तर त्या दिवशी डायव्ह नाही. पैसे भरलेत म्हणून कानाला वेठीस धरू नये.

सर्दी असेल तर पाण्यात उतरूच नये. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन खाली जाता येतं खरं, पण तिचा असर पाण्यातच उतरला तर खाली कानात गेलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही. ती फुगत जाते. खाली जाताना कान अडला तर माघारी फिरता येतं, वर येताना अडला तर टाकीतली हवा संपत आलेली असते.

मास्कच्या आतही हवा असते. खाली जाताना नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडली नाही तर मास्क चेहऱ्याला चिकटून ओढला जातो आणि डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. पोहण्याचा गॉगल नाक झाकत नाही, म्हणून तो डायव्हिंगला चालत नाही.

आता फुप्फुसं. टाकीत असते ती साधी दाबलेली हवा, ऑक्सिजन नव्हे. नेहमीच्या अॅल्युमिनियमच्या टाकीत ११ लिटर जागेत सुमारे २०० बार दाबाने (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) भरलेली हवा, म्हणजे मोकळी सोडली तर २२०० लिटर. तिचंच वजन अडीच किलोच्या वर जातं. जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली तयार केलेला रेग्युलेटर ही सगळ्या करामतीची गुरुकिल्ली. टाकीवरचा पहिला टप्पा २०० बारचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बारने जास्त इतका खाली आणतो. तोंडातला दुसरा टप्पा आपण श्वास ओढला की नेमकी त्या खोलीच्या दाबाची हवा देतो. त्यामुळे १० मीटरवर छातीत चार लिटर हवा भरली तर ती पृष्ठभागावरची आठ लिटर असते. श्वास रोखून तसेच वर आलात तर ती आठ लिटर व्हायला बघते, आणि फुप्फुसांत तेवढी जागा नसते. ऊती फाटते आणि बुडबुडे रक्तात शिरून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. फुप्फुसं पूर्ण भरलेली असतील तर सव्वा मीटर वर येणंही याला पुरतं. लोणावळ्याचे जेमतेम दोन घाट!

म्हणून पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. मास्कमध्ये पाणी शिरलं की घाबरून श्वास धरला जातो आणि माणूस वर झेपावतो. उथळ पाण्यात नवख्यांना खरा धोका असतो तो याचा. मास्क वरच्या कडेला दाबून, मान थोडी मागे करून नाकाने हवा सोडली की पाणी खालून निघून जातं. हे अंदमानच्या बोटीवर पाच मिनिटांत शिकण्यापेक्षा मुंबईतच तरणतलावात दहा वेळा करून जावं, असं आमचं ठाम मत आहे. मुंबईच्या समुद्रात ते जमणार नाही. खाड्यांमधून येणारा गाळ भरती-ओहोटी रोज ढवळत असते, पाण्यात हातभरही दिसत नाही. तरीही हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. त्यातले काही किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली दुसरीकडे हलवण्यात आले. प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. अंदमानच्या वाळूत पडलेला पांढरा मेलेला तुकडाही पिशवीत टाकून आणू नये.

आणखी एक खूण. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नाही, ‘वर चला’. उत्साहाने अंगठा दाखवाल आणि इन्स्ट्रक्टर तुम्हाला वर घेऊन जाईल. ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं.

वर यायचं ते मिनिटाला ९ मीटरच्या आत, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबून. इथे नायट्रोजनचा संबंध येतो. हवेत तो ७८ टक्के असतो. शरीराला त्याचा उपयोग नसला तरी दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत विरघळत राहतो. दाब झपाट्याने उतरला तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तसे बुडबुडे होतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी १९०८ साली, शेळ्यांवर केलेल्या प्रयोगांवरून, टप्प्याटप्प्याने वर येण्याची पहिली कोष्टकं मांडली. आजचे मनगटावरचे डायव्ह कॉम्प्युटर त्याच विचाराच्या पुढच्या आवृत्त्या आहेत. सहा मीटरवरच्या वीस मिनिटांत फारसा नायट्रोजन विरघळत नाही. पण चार दिवस रोज दोन डायव्ह घेणाऱ्याच्या शरीरात तो साठत जातो.

मुंबईकराची गडबड होते ती तिकीट काढताना. पाच दिवसांची रजा, चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा डायव्ह, पाचव्या दिवशी पहाटेच्या बोटीने श्री विजयपुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, आणि तिथून सकाळचं विमान. विमानाच्या केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेएवढा असतो. समुद्रातून नीट वर आलेला माणूस विमानात बसला की आणखी ‘वर’ येतो. एकच साधा डायव्ह असेल तर किमान १२ तास आणि अनेक डायव्ह असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. आम्ही पूर्ण २४ तास सोडायला सांगू, कारण तो हिशेब डोक्यात ठेवायला सोपा आहे. सहलीची आखणी उलटी करावी: डायव्ह पहिल्या दिवसांत, राधानगर किनारा आणि सेल्युलर जेल शेवटी.

मालवणला विमानाची अडचण नसते, रेल्वे किनारपट्टीनेच येते. पण तारकर्लीला डायव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने महाबळेश्वरला मुक्काम करण्याचा बेत असेल तर तो बदला. ते १३५० मीटरच्या आसपास आहे. आंबोली घाटही ७०० मीटरजवळ जातो. डायव्हच्या हिशेबात घाट चढणं म्हणजे छोटं विमानच.

मुंबईत परतल्यावर खांदा, कोपर किंवा गुडघा विनाकारण ठणकू लागला, हातापायाला मुंग्या आल्या, त्वचेवर जांभळट चट्टे उठले, चालताना तोल गेला किंवा लघवी अडली, तर ‘बॅग उचलून दुखत असेल’ म्हणून वेदनाशामक घेऊन झोपू नका. नायट्रोजनच्या बुडबुड्यांची ही लक्षणं बहुधा पहिल्या दिवसातच दिसतात. आडवं व्हावं आणि ताबडतोब रुग्णालय गाठावं. तिथे पहिलं वाक्य ‘मी डायव्हिंग करून आलोय’ हेच असावं, नाहीतर डॉक्टर भलत्याच दिशेने शोधत बसतील. पहिला उपचार म्हणजे मास्कने शुद्ध ऑक्सिजन. खरा उपचार म्हणजे उच्चदाब कक्षात पुन्हा दाब देऊन हळूहळू उतरवणं. कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी रुग्णालयाच्या आवारात नौदलाची इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे, ती याच विषयात काम करते. डॉक्टर तीन गोष्टी विचारतील: किती खोल, किती वेळ, आणि शेवटच्या डायव्हनंतर किती तासांनी विमान. बोटीवरून उतरल्या उतरल्या त्या फोनमध्ये टिपून ठेवा.