दादर, दार आणि प्रथिनांची अक्षरं

माझी भाची माटुंग्याला राहते, कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करते आणि दिवसभर जिवाणूंना मारणाऱ्या छोट्या छोट्या प्रथिनांचे तक्ते बघत बसते. दिवाळीत फराळाला बसलो होतो तेव्हा तिच्या आजीने सरळ विचारलं, "अगं, तू नक्की कोण? कॉम्प्युटरवाली की औषधवाली?" भाची म्हणाली, "मधली." आजीला काही ते पटलं नाही.

ही मधली जागा साठ वर्षं जुनी आहे. पण तिची गोष्ट हल्ली उलटी सांगतात. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं, त्यातल्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर प्रथिनांच्या घड्या ओळखल्या, इथून सुरुवात होते. मग यंत्रच काय ते हुशार वाटतं. त्या यंत्राला वाचायला दिलेल्या वह्या कोणी लिहिल्या, हे राहून जातं. म्हणून सुरुवातीपासून.

१९६५. अमेरिकेत त्या एका वर्षात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. मेरीलंडमध्ये मार्गारेट डेहॉफ या बाईंनी तोवर माहीत असलेल्या प्रथिनांचे क्रम एकत्र छापले. प्रथिनं किती? ६५. बाई मूळच्या क्वांटम रसायनशास्त्रातल्या, पंचकार्डांच्या यंत्रांवर हात बसलेला. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. तेव्हा प्रत्येक आम्लाचं नाव तीन अक्षरांत लिहायची पद्धत होती. कार्डावर जागा खाते म्हणून बाईंनी ते एका अक्षरावर आणलं. आज जगभरच्या प्रयोगशाळा ट्रिप्टोफॅनला 'डब्ल्यू' म्हणतात ते या काटकसरीमुळे.

दुसरीकडे स्टॅनफर्डला डेंड्राल नावाचा प्रकल्प सुरू झाला. जोशुआ लेडरबर्ग हे जनुकशास्त्रातले नोबेलविजेते आणि एडवर्ड फायगेनबाउम हे कॉम्प्युटरवाले. लेडरबर्ग यांना परग्रहावरच्या जीवसृष्टीचं वेड. तिकडच्या मातीतला रेणू यंत्राने आपणहून ओळखावा, हा मूळ विचार. रसायनतज्ज्ञ कसा अंदाज बांधतो ते नियम म्हणून लिहून काढायचं आणि यंत्राला शिकवायचं. 'एक्स्पर्ट सिस्टिम' या घराण्याचा हा मूळपुरुष. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचं पहिलं मोठं काम बुद्धिबळाइतकंच रेणूंवरही झालं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

मुंबई तेव्हा काय करत होती? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, देशात बांधलेला कॉम्प्युटर फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागला होता. २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, आणि स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. तो बांधणाऱ्या चमूचे प्रमुख रंगस्वामी नरसिंहन. माझ्या मते मुंबईतल्या, भाचीसारख्या कारकिर्दींचं मूळ शोधायचं तर या माणसापाशी थांबावं लागतं.

१९६१ ते ६४ नरसिंहन अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. भौतिकशास्त्रज्ञ बबल चेंबरमधल्या (या पात्रात कणांचा माग बुडबुड्यांनी दिसतो) कणांच्या मार्गांचे हजारोंनी फोटो काढत आणि माणसं ते डोळ्यांनी तपासत. हे यंत्राकडून करून घ्यायचं होतं. नरसिंहन यांनी मांडलं ते असं : चित्र ठिपक्यांची रास म्हणून बघू नका, वाक्य म्हणून बघा. रेघा, टोकं, फाटे हे शब्द. ते कसे जोडले जातात हे व्याकरण. यंत्राने चित्राचं व्याकरण सांगितलं तर ते चित्र त्याला कळलं. पुढे परत येऊन त्यांनी आयुष्यभर भाषा आणि वर्तन यांचा अभ्यास केला. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष, १९७७ ची पद्मश्री त्यांची.

त्यांनी जीवशास्त्राला हात लावला नाही, आणि थेट वारसा जोडायचा मोह मीही टाळतो. पण तीस वर्षांनी, १९९४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला आणि इंग्लंडमधल्या केंब्रिजला दोन गटांनी आरएनएसाठी (पेशीतली चार रासायनिक अक्षरांची दोरी) व्याकरणं लिहिली तेव्हा कल्पना त्याच जातीची होती. 'ती होडी जाडी होती' हे शाळेतलं वाक्य आठवा. पहिलं अक्षर शेवटच्याशी जुळतं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी, मध्ये 'जा' एकटा उरतो. आरएनएची दोरी अशीच स्वतःवर दुमडते : टोकाकडची अक्षरं जोड्या लावतात (तीच अक्षरं नव्हे, एकमेकांची पूरक), मधली चार-सहा अक्षरं वळणात मोकळी राहतात. लांबवरची दोन अक्षरं एकमेकांना बांधील आहेत हे शेजारशेजारची अक्षरं मोजून कळत नाही, व्याकरणच लागतं.

त्याआधीचा प्रश्न जास्त साधा होता आणि जास्त महत्त्वाचा : दोन माळा एकमेकींच्या नात्यात आहेत का? फराळाच्या ताटाशेजारी भाचीने आजीला हेच समजावलं. वर्तमानपत्राच्या कडेला तिने लिहिलं : दादर. खाली लिहिलं : दार. जुळलं तर एक गुण, चुकलं तर वजा एक, मोकळी जागा सोडली तर वजा एक. सरळ खाली लिहीत गेलो तर 'दा' खाली 'दा' जुळतो, 'द' खाली 'र' येतो आणि वरचा 'र' एकटा राहतो. बेरीज वजा एक. तेच 'दा' नंतर एक जागा सोडली तर 'र' खाली 'र' येतो आणि बेरीज अधिक एक. आजी म्हणाली, "म्हणजे मधला द गळला." एवढंच ते! १९७० साली नीडलमन आणि वुन्श यांनी हेच शेकडो अक्षरांसाठी केलं. सोडायच्या जागांचे सगळे पर्याय एकेक करून तपासायचे तर आयुष्य पुरणार नाही, म्हणून चौकटींचा तक्ता भरत जायचं आणि प्रत्येक चौकटीत तिथवरचा सर्वांत चांगला हिशेब ठेवायचा. १९८१ मध्ये स्मिथ आणि वॉटरमन यांनी तुकड्यातुकड्याचं साम्य शोधायची सोय केली, १९९० मध्ये ब्लास्ट हा प्रोग्रॅम आला आणि लाखो नोंदींतून हे चुटकीसरशी व्हायला लागलं.

न्यूरल नेटवर्कचं, म्हणजे उदाहरणं बघून शिकणाऱ्या प्रोग्रॅमचं, या घरात येणंही मजेशीर आहे. १९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी परसेप्ट्रॉनच्या, म्हणजे अगदी साध्या नेटवर्कच्या, मर्यादा दाखवल्या आणि कॉम्प्युटरवाल्यांनी ते अडगळीत टाकलं. १९८२ मध्ये गॅरी स्टॉर्मो आणि सहकाऱ्यांनी तेच उचललं आणि ई. कोलाय या जिवाणूत प्रथिन बांधण्यासाठी मजकूर वाचायला कुठून सुरुवात होते ती जागा ओळखायला लावलं. वापरलेला मजकूर होता ७८,००० अक्षरांच्या वर. १९८८ मध्ये चियान आणि सेज्नोव्स्की यांनी प्रथिनाचा कुठला तुकडा पिळासारखा आणि कुठला पट्टीसारखा हे नेटवर्कला विचारलं. बरोबर उत्तरं ६४.३ टक्के. १९९३ मध्ये रोस्ट आणि सँडर ७० च्या पुढे गेले. नेटवर्क काही फार वेगळं नव्हतं. फरक असा, की त्यांनी एकट्या प्रथिनाऐवजी त्याचे इतर प्राण्यांतले भाऊबंद शेजारी मांडून दिले. माझ्या दृष्टीने या इतिहासातलं सर्वांत बोलकं वळण हेच. उडी मोठी बसली ती जास्त नोंदी हाताशी आल्यामुळे.

याच काळात भारतात दोन सरकारी फायली शेजारून गेल्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत. जपानच्या पाचव्या पिढीच्या, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या, कॉम्प्युटरची हवा होती. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ज्ञानाधारित संगणनाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. टीआयएफआरकडे वाणी (यंत्राला बोलणं कळणं), आणि टीआयएफआरमधूनच वेगळ्या झालेल्या जुहूच्या एनसीएसटीकडे, म्हणजे सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय केंद्राकडे, एक्स्पर्ट सिस्टिम व भाषा. एनसीएसटीच्या एका प्रणालीचं नाव 'विद्वान' होतं. १९८६-८७ मध्येच जैवतंत्रज्ञान विभागाने माहितीकेंद्रांचं जाळं विणायला घेतलं, पुणे विद्यापीठातलं केंद्र त्यातलंच. तिथल्या कोळसकर आणि टोणगावकर यांनी १९९० मध्ये प्रथिनाचा कुठला भाग शरीराच्या संरक्षणयंत्रणेच्या नजरेत भरेल याचं एक साधं सूत्र दिलं. ते सुमारे ७५ टक्के वेळा बरोबर यायचं. त्यात नेटवर्क नव्हतं, आधी प्रयोगांनी सापडलेल्या जागांची नीट मोजणी होती.

मानवी जनुकसंचाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यामुळे एकच प्रसंग. २००० च्या उन्हाळ्यात सार्वजनिक प्रकल्पाकडे तुकड्यांचा ढीग होता आणि तो जोडायला प्रोग्रॅम नव्हता. सांताक्रूझला जीवशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या आणि तिथल्या डेव्हिड हाउसलर यांच्याबरोबर काम करणाऱ्या जिम केंटने महिनाभरात तो लिहिला. रात्री मनगटं बर्फात बुडवून ठेवायचा म्हणे. २२ जूनला जोडणी झाली, २६ जूनला जगाला घोषणा.

आता परळ. राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था इथे आहे. २०१० मध्ये तिथल्या गटाने जिवाणूरोधी पेप्टाइडांचा 'कॅम्प' नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचं लहान भावंड. बेडकाच्या कातडीपासून माणसाच्या घामापर्यंत सगळीकडे ही सापडतात आणि प्रतिजैविकं निकामी होत चालल्यामुळे त्यांना भाव आला. संग्रहात ३,७८२ क्रम होते. त्यातले २,७६६ प्रयोगाने सिद्ध झालेले आणि १,०१६ नुसत्या अंदाजाचे, आणि हा फरक स्पष्ट लिहिलेला. मग या नोंदींवर तीन पद्धतींनी यंत्र शिकवलं. बरोबर उत्तरं : रँडम फॉरेस्ट ९३.२ टक्के, सपोर्ट व्हेक्टर मशीन ९१.५, डिस्क्रिमिनंट विश्लेषण ८७.५. लोकांना हे आकडे आठवतात. पण आधीचं काम बघा. शोधनिबंध आणि पेटंट उघडायची, क्रम उतरवायचा, कोणत्या प्राण्यातून आला, कोणत्या जिवाणूवर चालला, ते प्रयोगाने दाखवलं की केवळ म्हटलं, हे भरायचं. पुढच्या आवृत्त्या आल्या, चौथी २०२३ मधली.

हसाबिस आणि जंपर यांच्या आल्फाफोल्डचंही तेच. प्रथिनांच्या घड्या ओळखायच्या २०२० च्या कॅस्प स्पर्धेत त्याने सगळ्यांना मागे टाकलं, कारण त्याची रचना अफलातून आहे हे खरंच. पण ते शिकलं प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे प्रयोगाने सापडलेल्या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहावर. ही बँक १९७१ मध्ये ७ रचनांनी उघडली आणि २०२० पर्यंत सुमारे १,७०,००० वर गेली. त्यातल्या बहुतेक रचनांमागे कुणाचा तरी स्फटिक वाढवण्यात गेलेला काळ आहे. आणि उत्तर शक्य कोटीतलं आहे का हे तपासायला आजही वापरतात तो, माळेला कोणते कोन शक्य आहेत हे दाखवणारा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासला काढला.

भाचीची अडचण या वह्यांतल्या कोऱ्या पानांची आहे. यंत्राला 'हे चालतं' शिकवायचं तर 'हे चालत नाही' चीही उदाहरणं लागतात. न चाललेल्या पेप्टाइडावर निबंध कोण छापणार? मग या क्षेत्रात बहुतेक वेळा मोठ्या संग्रहातून, जिवाणूरोधी म्हणून नोंद नसलेले क्रम उचलतात आणि त्यांना 'नाही' समजतात. त्यातलं एखादं उद्या जिवाणू मारताना सापडलं तर यंत्राला आपणच खोटं शिकवलेलं असतं.

म्हणून रविवारी दुपारी ती निबंधांच्या शेवटी जोडलेले तक्ते वाचते. बारा पेप्टाइडं करून बघितलेली असतात, मजकुरात चांगल्या तिघांचं कौतुक असतं, उरलेली नऊ तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात. ती तळाची नऊ उतरवून घेते. तिच्या तक्त्यात 'परिणाम नाही' असा वेगळा रकाना आहे. मी गेलो त्या दिवशी त्यात ४१४ ओळी झाल्या होत्या, आणि आजी शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होती.