हिरवा त्रिकोण म्हणजे ‘चालतंय’ नव्हे

पावसाळी बटाट्यावर करपा रोग दिसला की बेळगावकडच्या शिवारात मँकोझेब या बुरशीनाशकाची पिवळी पावडर उघड्या हातानं बादलीत कालवतात. कोपरापर्यंत पिवळा हात, आणि त्याच हातानं तंबाखूची चिमूट. हटकलं तर पुडा फिरवून दाखवतात: “हिरवा त्रिकोण हाय की ओ, काय होतंय?”

तो त्रिकोण फक्त एवढंच सांगतो, की एका वेळी पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर विषबाधेची तीव्रता किती. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. वर्षानुवर्षं अंगावर घेतल्याचा हिशोब त्यात नाही. मँकोझेबनं कातडीला ॲलर्जी होऊ शकते. शिवाय ते विघटन पावताना इथिलीन थायोयुरिया तयार होतं; थायरॉईडला घातक म्हणून ते ओळखलं जातं. युरोपियन युनियननं 2020 मध्ये मँकोझेबची मंजुरी पुढं चालू ठेवली नाही.

औषध कामाचं आहे, वाद नाही. पण ते पानाच्या वरच राहतं, आत शिरत नाही. करपा येण्याआधी मारावं लागतं. पान काळं पडल्यावर डोस दुप्पट केला तर मेलेलं पान जगत नाही. हातमोजे, मास्क आणि कालवायला एक काठी, एवढं तरी हवंच.