खुलासा : खासदारांवरच्या नाराजीला मतदार जबाबदार?

खासदारांबद्दल नाराजी व्यक्त केली की ‘जशी जनता, तसे प्रतिनिधी’ म्हणत खापर मतदारांच्या माथी फोडलं जातं. हे चूक आहे. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, आली. पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मत कसं द्यायचं याच्या आदेशाविरुद्ध, मत देणाऱ्या, किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या खासदाराचं पदच जाऊ शकतं. पक्षानं १५ दिवसांत माफ केलं तर तो वाचतो. घोडेबाजार रोखायला आणलेला हा नियम साध्या विधेयकालाही लागू होतो, आणि मला हेच सर्वात खटकतं. मतदारसंघ विरोधात असला, तरी व्हिप निघाल्यावर मत पक्षालाच. उमेदवारीही बहुतेकदा पक्षश्रेष्ठी ठरवतात. स्वतःचं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदारानं आणलेलं) मांडावं, तर असं शेवटचं विधेयक संसदेत संमत झालं १९७० साली!