टीव्ही पाहून बाळ लवकर बोलू लागते का?

टीव्हीसमोर बसवलेले बाळ लवकर बोलू लागते, ही समजूत जुनी असली तरी खरी नाही. शब्द नुसते कानावर पडून भागत नाही. बाळाच्या हुंकाराला कोणीतरी प्रतिसाद द्यावा लागतो, त्याने बोट दाखवलेल्या वस्तूचे नाव त्याच क्षणी सांगावे लागते, आणि पडद्याला नेमके हेच जमत नाही. बाळ टक लावून पाहते ते हलत्या, चमकत्या चित्रांमुळे. त्याला एकाग्रता म्हणणे ही मोठ्यांची हौस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी पडदा नकोच, असे सुचवले आहे. सवय जडलीच असेल, तर मोठ्यांसाठी चालू राहणारा टीव्हीही बंद करावा, कारण त्याच्या आवाजात मोठ्यांचेच बाळाशी बोलणे कमी होते.