लाकडाचं भांडं का तडकतं?

नुकत्याच तोडलेल्या झाडाचा ओंडका लेथवर चढवून फिरवला की आधी पाणी उडतं आणि मग भुसा. हत्यार टेकवायच्या आत समोरच्या भिंतीवर ओल्या थेंबांची रेघ उमटते आणि कारागिराचा सदरा भिजतो. लाकडात पाणी असतं हे सगळ्यांना माहीत आहे. ते किती असतं, याची मात्र फारशी कल्पना नसते. ओल्या लाकडातली ओल मोजताना ती लाकडाच्या कोरड्या वजनाशी तोलतात आणि या हिशेबाने काही झाडांत ती १०० टक्क्यांच्याही वर जाते. म्हणजे लाकडापेक्षा पाणी जड!

६० सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा ओंडका घ्या. आकारमान साधारण ०.१७ घनमीटर, ओलं वजन दीडशे किलोच्या पुढे. त्यातून एक सेंटिमीटर जाडीच्या भिंतीचं, अरुंद तोंडाचं भांडं कातलं तर ते वाळल्यावर जेमतेम सात-आठ किलोचं भरेल. बाकी सगळं कीस होऊन जमिनीवर पडतं किंवा वाफ होऊन हवेत जातं. इतकं मोठं भांडं करणारा कारागीर हत्याराने काय करतो हे आपल्याला दिसतं. माझ्या मते त्या भांड्याचं भवितव्य ठरतं ते त्यातून पाणी कसं बाहेर पडतं यावर.

लाकूड म्हणजे कडब्याची घट्ट बांधलेली पेंढी समजा. प्रत्येक ताट आतून पोकळ आणि त्याची भिंत ओलसर. लाकडाच्या पेशी तशाच उभ्या, लांबट आणि पोकळ असतात. पाणी दोन ठिकाणी असतं, पोकळीत मोकळं आणि पेशीभित्तीत बांधलेलं. लाकूड वाळू लागलं की आधी मोकळं पाणी जातं आणि तोवर लाकडाचा आकार जराही बदलत नाही. ओल साधारण २८ ते ३० टक्क्यांवर आली की पोकळ्या रिकाम्या होतात आणि भिंतींतलं पाणी निघू लागतं. लाकूड आकसायला लागतं ते इथून.

आकसणं सगळीकडे सारखं असतं तर काहीच बिघडलं नसतं. सगळीकडून सारखं लहान झालेलं भांडं हे भांडंच राहतं. पण खोडाच्या उंचीच्या दिशेने लाकूड नगण्य आकसतं, एक-दोन दशांश टक्के. गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, ते चार टक्क्यांच्या आसपास आकसतं, तर वर्षवलयांच्या कडेकडेने आठ टक्क्यांच्या आसपास. झाडागणिक आकडे बदलतात, पण वलयांच्या दिशेचं आकसणं त्रिज्येच्या जवळपास दुप्पट हे प्रमाण बहुतेक झाडांत दिसतं.

आपल्या ६० सेंटिमीटरच्या ओंडक्याला हे लावून बघू. त्याचा परीघ सुमारे १८८ सेंटिमीटर. आठ टक्के आकसला तर तो १७३ वर यायला हवा. त्रिज्या मात्र चारच टक्क्यांनी कमी झाली. ती ३० वरून २८.८ सेंटिमीटर झाली आणि त्या त्रिज्येचं वर्तुळ मागतं १८१ सेंटिमीटर परीघ. परिघाजवळ तेवढं लाकूडच उरलेलं नाही. साडेसात सेंटिमीटर कमी पडतात आणि ही तूट ओंडका तडकून भरून काढतो. लाकडाच्या वखारीत प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर गाभ्यापासून सालीपर्यंत पाचरीसारख्या भेगा दिसतात, त्या ऊन लागल्यामुळे पडलेल्या नसतात. ऊन फक्त घाई करतं. भेगा या भूमितीतच आहेत.

ओंडका पोकळ का करायचा, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. आतलं लाकूड काढून नुसतं कडं ठेवलं तर परिघाला अडवणारं आत कोणी उरत नाही. कडं आठ टक्के आकसू दे, त्याचा व्यास तेवढा कमी होईल आणि ते अखंड राहील. ज्या भांड्याचा अक्ष खोडाच्या अक्षाशी जुळतो, त्याच्या बाजूच्या भिंती म्हणूनच फारसा त्रास देत नाहीत. त्रास देतो तो तळ. तळात गाभ्यासकट पूर्ण चकती शिल्लक असते आणि तिला तीच साडेसात सेंटिमीटरची अडचण भोवते. अनुभवी कारागीर तळ बाजूच्या भिंतीइतकाच पातळ करतात किंवा मधला गाभा गोल भोक पाडून काढतात आणि तिथे वाळलेल्या लाकडाची गुडदी बसवतात. कित्येक जण ओंडका आधीच गाभ्यातून उभा चिरतात आणि अर्ध्या तुकड्यातून, गाभा वगळून भांडं काढतात.

या सगळ्यात काळाचाही प्रश्न आहे. जाड भिंतीचा बाहेरचा थर आधी वाळतो, आतला ओलाच असतो. बाहेरचा आकसू बघतो, आतला आकसू देत नाही आणि बाहेरचा फाटतो. ओल झिरपत बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दहापट तर वेळ शंभरपट. सहा सेंटिमीटरच्या भिंतीला जिथे कित्येक महिने लागतात, तिथे सहा मिलिमीटरची भिंत काही दिवसांत वाळते.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या दोन माणसांनी या अडचणीवर परस्परविरुद्ध टोकांचे उपाय शोधले. मोठ्या पोकळ भांड्यांची गोष्ट त्यांच्याशिवाय सांगता येत नाही.

पहिले एड मोल्थ्रॉप, जन्म १९१६, मृत्यू २००३. व्यवसायाने आर्किटेक्ट, अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये शिकवायचे. त्यांनी जॉर्जियात वाढणाऱ्या ट्यूलिपवुड, रानचेरी, मॅग्नोलिया अशा झाडांपासून माणसाच्या कवेत मावणार नाहीत एवढी गोलाकार भांडी कातली. त्यासाठी लेथ स्वतः बनवला, लांबलचक दांड्यांची हत्यारं स्वतः घडवली. पण त्यांची खरी करामत होती ती पाणी घालवण्याऐवजी बदलण्यात. ओलं भांडं जाडसर कातून ते पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणाच्या टाकीत अनेक आठवडे बुडवून ठेवायचे.

हे रसायन आपल्याला अनोळखी नाही. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पाण्यात कालवून प्यायला देतात त्या पावडरीत ते असतं, मलमांत असतं. त्याचे लांब साखळीचे रेणू पाण्यात सहज विरघळतात, लाकडाच्या पेशीभित्तीत शिरतात आणि पाण्याची जागा घेतात. पाणी पुढे उडून जातं, हे रेणू उडत नाहीत. भित्ती फुगलेलीच राहते, त्यामुळे आकसणं जवळजवळ थांबतं आणि तडकायचं कारणच उरत नाही. इथे रेणूचं वजन फार महत्त्वाचं ठरतं. फार लहान रेणू आत शिरतात खरे, पण पातळ आणि ओलसरच राहतात. फार मोठे रेणू भित्तीत शिरूच शकत नाहीत. साधारण १००० रेणुभाराचा प्रकार मधला आहे. तो आत जातो आणि नेहमीच्या तापमानाला मेणासारखा घट्ट होतो. लाकडासाठी हा उपाय अमेरिकी वनखात्याच्या विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथल्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टॅम यांच्या संशोधनातून पुढे आला.

याच रसायनाने एक अख्खं जहाज वाचवलं. स्वीडनची वासा ही युद्धनौका १६२८ साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली आणि १९६१ मध्ये वर काढली गेली. ३३३ वर्षं पाण्यात राहिलेलं ते ओक लाकूड तसंच वाळू दिलं असतं तर आकसून, तडकून त्याची रया गेली असती. १९६२ पासून १९७९ पर्यंत, सलग १७ वर्षं, तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे फवारे मारले गेले. मोल्थ्रॉप यांच्या टाकीतल्या भांड्यात आणि या जहाजात पेशींच्या पातळीवर घडलं ते एकच.

उपायाची किंमतही आहे. हे रसायन हवेतला दमटपणा ओढून घेतं, लाकडाचा पृष्ठभाग किंचित चिकट राहतो आणि साधं तेल किंवा व्हार्निश त्यावर नीट बसत नाही. लाकडाचं वजन वाढतं, टाकीला जागा लागते, द्रावण गरम ठेवावं लागतं.

दुसरे डेव्हिड एल्सवर्थ, जन्म १९४४. त्यांनी पाण्याला अडवलं नाही, उलट वाट मोकळी करून दिली. १९७०च्या दशकात त्यांनी वाकड्या पात्याची हत्यारं तयार केली आणि छोट्याशा भोकातून आत जाऊन संपूर्ण भांडं आतून कोरायला सुरुवात केली. लाकूड ओलंच आणि भिंत दोन-तीन मिलिमीटरची. एवढ्या पातळ भिंतीत आतला थर ओला आणि बाहेरचा कोरडा असा फरक फार काळ राहूच शकत नाही. आकसताना ती फाटण्याऐवजी वाकते. भांडं थोडं लंबगोल होतं, कुठे फुगतं, कुठे खोलगट होतं. एल्सवर्थ यांनी तो बाक दोष मानला नाही, भांड्याच्या रूपाचा भाग म्हणून स्वीकारला. १९८६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सचे ते पहिले अध्यक्ष.

आता हत्याराकडे येऊ, कारण छोट्या भोकातून कोरणं म्हणजे न दिसणाऱ्या जागी काम करणं. नेहमीच्या कामात हत्याराचं टोक टेकूच्या, म्हणजे लेथवर हत्यार ज्या पट्टीवर टेकवून धरतात तिच्या, अगदी जवळ असतं. पोकळ भांड्यात टेकू बाहेर राहतो आणि टोक आत ३०-४० सेंटिमीटरवर. सळई एका बाजूने धरली आणि दुसऱ्या टोकावर जोर आला तर ती किती वाकेल, हे लांबीच्या घनावर अवलंबून असतं. बाहेर निघालेली लांबी १५ वरून ४५ सेंटिमीटर केली, म्हणजे तिप्पट केली, की वाकणं २७ पट होतं. उलट, सळईची जाडी दुप्पट केली तर ती १६ पट ताठ होते, म्हणून खोल कामासाठी सळई जाड घेण्याला पर्याय नाही. वाकलेली सळई परत उसळते, परत लाकडात घुसते आणि ठराविक लयीत थरथरू लागते. प्रत्येक थरथरीने भिंतीवर लाटा उमटतात आणि पुढच्या फेरीत हत्यार त्याच लाटांवर आदळून कंप आणखी वाढवतं. तो कर्कश आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

तरफेचा नियमही इथे निष्ठुर आहे. टेकूच्या पुढे ४५ सेंटिमीटर आणि मागे हातात ९० असतील, तर टोकावरचा पाच किलोचा जोर हाताला अडीच किलोचा लागतो. पण टोक चुकून लाकडात रुतलं तर क्षणात कित्येक किलोंचा झटका बसतो. वाकड्या पात्याचं तर त्याहून कठीण, कारण टोक सळईच्या अक्षावर नसल्यामुळे ते मनगट पिळून काढतं. आता बरेच कारागीर हत्याराचं मागचं टोक दोन समांतर दांड्यांच्या चौकटीत अडकवतात. पिळाचा जोर हातावर न येता लोखंडावर जातो. हत्याराला समांतर, भांड्याच्या बाहेरून एक लेझर धरलेला असतो. त्याचा ठिपका टोकाच्या पुढे, हवी तेवढी जाडी सोडून पडतो. कोरता कोरता ठिपका भांड्याच्या कडेवरून खाली निसटला की समजायचं, भिंत ठरवल्याएवढी झाली, थांबायचं.

वेगाचं गणित मोठ्या ओंडक्याबाबत जिवावर बेतू शकतं. ६० सेंटिमीटरचा ओंडका मिनिटाला ३०० फेऱ्या फिरला तर त्याची कड ताशी ३४ किलोमीटरने धावते. ओंडका कधीच समतोल नसतो, एका बाजूला गाठ असते, एका बाजूला ओल जास्त असते. गाभ्यापासून २५ सेंटिमीटरवर एक किलो जादा वजन असेल तर ३०० फेऱ्यांना ते लेथला सुमारे २५ किलोच्या जोराने ओढतं, तेही सेकंदाला पाचदा दिशा बदलून. फेऱ्या दुप्पट केल्या की हाच जोर चौपट, १०० किलो. सुरुवात अगदी सावकाश करून ओंडका गोल झाल्यावरच वेग वाढवायचा आणि फिरत्या ओंडक्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, ही शिस्त या आकड्यांतून आली आहे.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही. आत साचलेला कीस. तोंड चिंचोळं असलं की तो बाहेर पडत नाही, दाबून बसतो आणि पातळ भिंतीला आतून ढकलतो. दर काही मिनिटांनी लेथ थांबवून, हवा मारून तो काढावा लागतो. आपल्याकडच्या तबल्याच्या लाकडात ही अडचण येत नाही, कारण त्याचं तोंड रुंद असतं आणि तळाकडचा भाग भरीवच ठेवलेला असतो.

ज्याच्याकडे टाकीही नाही आणि तीन मिलिमीटरची भिंत काढायचा हातही नाही, त्याच्यासाठी दोनदा कातण्याचा जुना उपाय आहेच. पहिल्यांदा भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवायची, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या भांड्याला ३ सेंटिमीटर. त्यावर मेण लावायचं किंवा ते कागदी पिशवीत गुंडाळून सावलीत ठेवायचं. भांडं वाकडं होईल, पण जाडी पुरेशी असल्यामुळे वाळल्यावर पुन्हा गोल कातता येतं. कधी वाळलं हे कळायला वजनकाटा पुरतो. दर आठवड्याला वजन करायचं, तारखेसकट भांड्यावरच पेन्सिलीने लिहायचं आणि वजन उतरायचं थांबलं की ओल आसपासच्या हवेशी जुळली असं धरायचं. कोकणात किंवा मुंबईत मात्र जूनमध्ये थांबलेल्या वजनावर विसंबू नये. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे काटा थांबलेला दिसतो. दुसऱ्यांदा कातायचं ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. आणि भांडं नागपूरला जाणार असेल तर भिंत थोडी पातळच ठेवावी, तिथल्या मे महिन्यात ते आणखी आकसणार आहे.