बालवर्गात ‘नुसतंच खेळवतात’?

‘बालवर्गात नुसतं खेळवतात, लवकर लिहायला बसवलं की मूल पुढे जातं,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडं अजून तयार झालेली नसतात. काही ठिकाणी हाडाऐवजी नुसती मऊ कूर्चा (लवचीक ऊती) असते. या वयात पेन्सिल बऱ्याचदा मुठीत आवळली जाते, हात दुखतो आणि मूल वही ढकलून देतं. तो आळस नव्हे! मातीचे गोळे वळणं, कागद फाडणं ही लिहिण्याचीच तयारी. मणी ओवताना ‘लाल, लाल, पिवळा’ पुटपुटणारं मूल तर चक्क गणित करत असतं.

शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीत लहानग्यांसाठी संस्था काढली, तीही खेळावरच उभी होती. फिनलंडमध्ये तर पहिलीचा वर्ग सातव्या वर्षी सुरू होतो.